तिसऱ्या दिवसाचं पाणी

मी एक जुनी छागल आहे, मित्रांनो. आधीच सांगून ठेवते, मला कोणी पिशवी म्हणायचं नाही. पिशवीत भाजी आणतात. माझ्यात पाणी राहतं, आणि तेही असं गार, की पिणारा आधी डोळे मिटतो आणि मगच बोलतो.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मला पाहिलंही नसेल. जाड खाकी कॅनव्हासची, उशीएवढी माझी काया. एका कोपऱ्यात बाटलीएवढं तोंड, त्याला लाकडी बूच, आणि वर टांगायला दोरी. बस. ना वायर, ना बटण, ना बर्फ. माझ्यात पाणी भरायचं आणि वाऱ्यावर टांगून द्यायचं. बाहेर ऊन जितकं पेटेल, तितकं माझ्या पोटातलं पाणी गार होतं. हे कसं होतं ते मला विचारू नका, मी शाळेत गेलेली नाही. पन्नास वर्षं माझ्याच अंगात घडतंय आणि अजून मला त्याचं नवल वाटतं. उन्हाळ्यातला गरम वारा, ती लू, अंगावर धावून येते, माझी ओल घेऊन जाते आणि जाताना गारवा ठेवून जाते. देवघेवीत इतका सच्चेपणा मी माणसांत पाहिला नाही.

माझा जन्म इंदूरजवळच्या महूचा. छावणीच्या बाजारात तंबू शिवणाऱ्याचं एक दुकान होतं, तिथल्या मोठ्या सुईखालून मी निघाले. आनंदराव तेव्हा एकोणीस वर्षांचे, नुकतेच फौजेत भरती झालेले. वडील फौजेत, आजोबा फौजेत. त्या घरातलं पोर मिशी फुटायच्या आधी सलाम ठोकायला शिकायचं. त्यांनी मला विकत घेतलं, नळावर भरलं आणि खांद्याला अडकवून ऐटीत घराकडे निघाले. घर येईपर्यंत मी निम्मी रिकामी. त्यांची विजार ओली, चप्पल ओली, आणि मागून येणारी पोरं हसतायत.

आता ही आमच्या कुळाची गोष्ट नीट ऐका. नवी छागल गळतेच. कोरडं सूत, त्याच्या विणीत बारीक फटी. पाणी पिऊन सूत फुगायला दोन दिवस लागतात. फुगलं की फटी आपोआप बुजतात, मग थेंब पडत नाही, अंगावर नुसती ओल येते. हे ज्याला ठाऊक नाही तो पहिल्याच दिवशी म्हणतो, दुकानदाराने फसवलं, आणि फेकून देतो. माझ्या किती बहिणी अशा पहिल्याच दिवशी उकिरड्यावर गेल्या, त्याची गणती नाही.

आनंदरावही मला परत करायला निघाले होते. त्यांच्या आई, जनाबाई, दारात गहू निवडत बसल्या होत्या.

"कुठे निघालास?"

"दुकानात. गळकी दिली त्याने."

"दे इकडे," म्हणाल्या, आणि मला उचलून सरळ पाण्याच्या टाकीत बुडवलं. "आज गळेल, उद्या गळेल. सुताला फुगू दे जरा. तिसऱ्या दिवशी खाली हात धरून बघ, मग बोल माझ्याशी."

तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याखाली हात धरला. बराच वेळ धरला. हात कोरडाच राहिला. आनंदराव आईकडे असे बघत राहिले, जसं काही तिने जादू केली. जनाबाईंनी वरही पाहिलं नाही. गहू निवडत राहिल्या.

पुढे मी फार हिंडले. जैसलमेरच्या वाळूत जीपच्या आरशाला लटकले, रेल्वेच्या खिडकीबाहेर झोके घेतले, डोंगरांवर गेले. एकदा भर दुपारी वाळवंटात एका कॅप्टनसाहेबांनी माझ्यातलं पाणी प्यायलं आणि डोळे उघडून विचारलं, "ये कहाँ का पानी है?" आनंदराव म्हणाले, "महू का, साहब." पाणी तिथल्याच टँकरचं होतं. पण मी महूची होते ना!

मग आनंदराव हवालदार होऊन निवृत्त झाले. मुलगा रत्नपाल पीथमपूरच्या कारखान्यात लागला, आणि सगळं घर इंदूरला आलं. पलासियाच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. तिथे एक पांढराफटक फ्रिज आला. दिवसभर घूं घूं करणारा, वीज गेली की तोंड पाडून बसणारा. त्याच्यासाठी मला काळ्या ट्रंकेत घातलं आणि ट्रंक माळ्यावर टाकली. अठरा वर्षं. माझं सूत वाळलं, अंग पापडासारखं कडक झालं. आपण कशासाठी होतो, तेही मी विसरायला लागले होते.

गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत आनंदरावांच्या बायकोने, जयाने, मला बाहेर काढलं. झटकलं, आणि फ्रिजशेजारच्या खिळ्यावर टांगलं. मला वाटलं, मान मिळाला. तर जानेवारीत त्याच खिळ्यावर, माझ्या अंगावर, कॅलेंडर टांगलं! म्हणजे ज्या छागलीने कॅप्टनला पाणी पाजलं, ती आता तारखांच्या मागे उभी. पण त्या कॅलेंडरामुळेच मी पुढचं सगळं पाहिलं. पाहिलं काय, अंगावर सोसलं. कारण सूनबाई त्यावर पेनाने लिहायची, आणि ते टोचायचं मला.

सूनबाई म्हणजे प्रीती, रत्नपालची बायको, बँकेत नोकरीला. त्यांची मुलगी संबोधी, वय वर्षं नऊ, दोन वेण्या, पुढचा एक दात अर्धा आलेला. मे महिन्यात शाळेला सुट्टी लागणार, आई-बाप दोघं कामावर, आजीचे गुडघे धरलेले. तेव्हा मुलीला उन्हाळी शिबिरात घालायचं होतं. आता हे ऐकायला सोपं वाटतं. मी फौजेची कूच पाहिली आहे मित्रांनो, पलटणीच्या पलटणी रातोरात हलताना पाहिल्या आहेत. पण प्रीतीची तयारी पाहून मी कॅलेंडरच्या मागे थक्क झाले.

फेब्रुवारीत सुरू केलं तिने. एका हातात पोळीचं लाटणं, दुसऱ्या हातात फोन, आणि फोन स्पीकरवर. "सर, एका टीचरकडे मुलं किती? लेडी टीचर आहे ना? वॉशरूम वेगळं आहे का? पंखे आहेत की एसी? लाइट गेली तर जनरेटर? बच्ची गिरली तर फर्स्ट एड कोण बघतं? आणि घ्यायला कोणी आलं तर तुम्ही ओळखपत्र बघून सोडता, की असंच?" इतकी चौकशी कर्नलसाहेबही करत नसत. आणि पोळी मात्र एकही करपली नाही, हे मी स्वतः पाहिलंय.

मग कॅलेंडर भरत गेलं. हिरव्या शाईने रोबोटिक्स, लालने स्केटिंग, निळ्याने अबॅकस. कथक, गिटार, मातीकाम, वैदिक गणित. एक तर 'कॉन्फिडन्स कॅम्प' होता. कॉन्फिडन्सही आता सकाळी नऊ ते अकरा मिळतो म्हणे, शनिवार-रविवार बंद. वरच्या मजल्यावरची स्मिता, पुण्याहून दोन वर्षांपूर्वी बदली होऊन आलेली, जिन्यात भेटली की म्हणायची, "आमच्या नचिकेतचं तर सगळं कधीच लॉक झालं. तुमचं अजून चाललंय?" झालं. त्या दिवशी प्रीतीचं पेन माझ्या अंगात जास्त रुतायचं.

आणि आता ऐका तिची चूक. मला तिची टवाळी करायची नाही. शहाणी बाई आहे. पण शहाणी बाईच अशी चूक करते, भोळीला ती सुचतही नाही. प्रत्येक शिबिराचा एक 'डेमो' असतो. मूल एक दिवस नेऊन बसवायचं, चाखून बघायचं, पसंत पडलं तर घ्यायचं. प्रीतीने ठरवलं, नीट निवडायचं तर सगळीकडचे डेमो करायचे. मार्च-एप्रिलच्या रविवारी आणि संध्याकाळी मिळून तिने संबोधीला अकरा ठिकाणी नेलं.

अकरा ठिकाणी पोरीने उभं राहून आपलं नाव सांगितलं. अकरा ठिकाणी ती शेवटच्या खुर्चीत बसली, कारण पुढच्या खुर्च्यांवरची मुलं आधीपासून येत होती. आणि अकरा ठिकाणच्या मास्तरांनी निघताना प्रीतीला बाजूला घेऊन सांगितलं. कोणी म्हणालं, "बच्ची थोडी स्लो है." कोणी म्हणालं, "मॅडम, खुलती नहीं है." हे बाजूला घेऊन सांगणं पोरांना सगळ्यात आधी ऐकू येतं. मोठ्यांना अजून हे कळलेलं नाही.

जया एकदा म्हणालीच, "अगं, मुलीला शिबिर दाखवतेस की शिबिराला मुलगी? लग्नाच्या बैठकीसुद्धा अकरा झाल्या नव्हत्या माझ्या."

"आई, तुमचा जमाना वेगळा होता."

"हो बाई. आमच्या जमान्यात पहिल्याच बैठकीत तुझ्या सासऱ्याला पसंत केलं. भोगतेय अजून."

आनंदराव पेपरमागून म्हणाले, "मी इथेच बसलोय."

"म्हणूनच मोठ्याने बोलले."

सगळे हसले. संबोधी हसली नाही. ती फ्रिजपाशी आली, थंड पाण्याची बाटली काढली, आणि कॅलेंडरकडे बघत अगदी हळू म्हणाली, "मला काहीच येत नाही." रडून नाही म्हणाली. आज वार कोणता ते सांगावं, तशी म्हणाली.

माझं वाळलेलं सूत आतून चरकलं. नऊ वर्षांची पोर! अकरा वेळा तिला पहिला दिवस दाखवला होता, मित्रांनो. दुसरा दिवस तिने कुठे पाहिलाच नव्हता. आणि पहिल्या दिवशी गळत नाही असं कोण असतं? मी ओरडून सांगितलं असतं, पण माझ्या तोंडाला बूच आणि छातीवर मे महिना.

शेवटी प्रीतीने पलासियातलं कोडिंगचं शिबिर नक्की केलं. एसी, ओळखपत्र, जनरेटर, सगळं जागच्या जागी. पण ते सुरू व्हायला अजून आठवडा होता, आणि सुट्टी लागली होती. आनंदराव म्हणाले, "तोवर माझ्याबरोबर येईल ती. छत्रीबागेत शंकररावांच्या व्यायामशाळेत जातो आम्ही म्हातारे सकाळी. तिथेही मुलांचं शिबिर चाललंय. बसेल बघत."

पहिल्या दिवशी परत आली ती धावतच जिना चढून. "मम्मी, तिथे एक दोर आहे! छतापासून खाली! मुली त्याच्यावर चढतात आणि वर जाऊन उलट्या होतात आणि हात सोडतात! दोन्ही हात!"

"दोरीचा मल्लखांब," आनंदराव म्हणाले.

"मला ते करायचंय."

प्रीतीच्या हातातला चमचा थांबला. फेब्रुवारीपासून मुलीने 'मला करायचंय' म्हटल्याचं मी पहिल्यांदा ऐकत होते. प्रीतीनेही पहिल्यांदाच ऐकलं असावं. पण लगेच तिच्यातली चौकशी जागी झाली. गादी आहे का? पडली तर? पंखे आहेत का? पंखे नव्हते. कडुनिंब होता.

"बघ," ती म्हणाली, "उद्या बुधवार. बुधवार ते शनिवार, चार दिवस जा. शनिवारी मी स्वतः येऊन बघते. जमत असलं तर ठेवू. नसेल जमत, तर सोमवारपासून कोडिंग, आणि मग रडायचं नाही. कबूल?"

"कबूल," संबोधी म्हणाली. दातांत वेणीचं टोक.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली. बाटलीतलं पाणी तिथे चहासारखं तापलं, अशी संबोधीने तक्रार केली. आनंदराव एकदम उठले. कॅलेंडर उचललं आणि मला खिळ्यावरून काढलं. अठरा वर्षांनी त्यांचा हात लागला. हाताला आता सुरकुत्या होत्या, पण धरण्याची रीत तीच, फौजी.

जया म्हणाली, "आधी बादलीत बुडवून ठेवा दोन दिवस. सासूबाई काय म्हणायच्या?"

"उद्या सकाळी निघायचंय, कुठे बुडवत बसू?" म्हणाले, आणि बुधवारी सकाळी मला तशीच भरून स्कूटरच्या आकड्याला टांगलं.

मित्रांनो, त्या सकाळची लाज मी जन्मात विसरणार नाही. पलासियाच्या सिग्नलपर्यंत माझी धार लागली होती. आनंदरावांची पँट गुडघ्याखाली ओली, मागे बसलेल्या संबोधीचे बूट ओले. शेजारचा रिक्षावाला ओरडला, "अरे बाबूजी, टंकी लीक हो रही है!" लाल दिव्याला थांबलेला सगळा चौक हसला. कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, म्हणजे होळकरांच्या समाध्या, येईपर्यंत मी रिकामी झाले होते. ज्या छागलीने जैसलमेर पाहिलं, तिची ही दशा.

व्यायामशाळेच्या अंगणात कडुनिंबाच्या फांदीला मला टांगलं. समोर शेड, शेडच्या तुळईला तो दोर. जाड, सुती, माझ्याच जातकुळीचा. आणि त्या दोरावर मी जे पाहिलं ते सांगताना आजही माझे शब्द अडतात. एक दहा-अकरा वर्षांची मुलगी वर चढत होती. चढत होती म्हणू की वाहत होती? पायाच्या अंगठ्यात दोर धरायचा, मांडीवरून एक वेढा घ्यायचा, आणि पुढे. वर पोचली, उलटी झाली, आणि हात सोडले. मी जन्मभर लटकत आले. लटकणं म्हणजे काय ते मला कोणी शिकवायला नको. पण मला कोणीतरी टांगतं, ही स्वतःला टांगत होती! दोन हात पाखरासारखे पसरलेले, आणि खाली काही नाही. डोंगर पाहून वाटलं नव्हतं एवढं मला त्या पोरीच्या अंगठ्याकडे बघून वाटलं.

आणि आपली संबोधी? ती जमिनीपासून वीतभरही उठली नाही. दोर धरला, पाय उचलले, आणि धप्पकन गादीवर. पुन्हा धप्प. दोन तास नुसतं धप्प.

घरी गेल्यावर माझा निकाल लागला. "बाबा, फेकून द्या ती," प्रीती म्हणाली, "जिन्यातून पाणी पाणी झालंय. मी नवी स्टीलची बाटली मागवते."

जया म्हणाली, "पहिल्या दिवशी फेकायचं म्हटलं तर या घरात मीही नसते आणि तूही नसतीस. तुझी पहिली आमटी आठवते ना?" जयाने मला बादलीत बुडवलं. संबोधी बादलीपाशी उकिडवी बसली.

"आजी, ही बिघडलीय का?"

"नाही गं. कोरडी पडलीय. आज गळेल, उद्या गळेल. तिसऱ्या दिवशी बघ."

"तिसऱ्या दिवशी काय होतं?"

"ते तूच सांग मला."

तेव्हापासून पोरीने माझं काम हाती घेतलं. गुरुवारी धार नव्हती, थेंब होते. संबोधी दोरावरून पडली की माझ्यापाशी यायची, आणि दम घेता घेता थेंब मोजायची. दोराने तिचे तळवे सोलवटले होते. त्या दिवशी ती रडली, पण माझ्या आडोशाला उभी राहून, कोणी बघणार नाही अशी. मग ओल्या कॅनव्हासवर तिने दोन्ही तळवे टेकवले आणि तसेच ठेवले. मित्रांनो, किती जणांनी माझ्यातलं पाणी प्यायलं! पण माझी ओल तळव्याला लावून घेणारी ही पहिलीच. आम्ही दोघी गळत उभ्या होतो.

शुक्रवारी थेंब पडायला इतका वेळ लागायला लागला, की मोजता मोजता ती कंटाळून दोराकडे पळाली. त्या दिवशी अंगठ्यात दोर बसला. क्षणभरच. पण बसला.

शनिवारी प्रीती आली. बँकेची बॅग खांद्याला, बॅगेत कोडिंगचा फॉर्म. शंकररावांना हात जोडून तिने विचारलं, "सर, काही पोटेन्शियल वाटतंय का हिच्यात?"

शंकरराव सत्तरीचे, पांढरी मिशी, कमरेला उपरणं. म्हणाले, "मॅडम, चौथा दिवस आहे. मला अजून हिचं नावसुद्धा नीट पाठ झालेलं नाही."

"नाही, म्हणजे साधारण अंदाज..."

"अंदाज हवामानवाले सांगतात. पडायला शिकलीय. चार दिवसांत तेवढंच शिकतात. बघा हवं तर."

संबोधी दोरापाशी गेली. आईकडे पाहिलं, दोर धरला, पाय उचलले, अंगठा बसला, आणि सुटला. धप्प. पुन्हा. धप्प. तिसऱ्यांदा तर हातच घसरले. बाकीच्या मुली बघायला गोळा झाल्या.

प्रीतीने डोळ्यांवरून हात फिरवला. रागावली नव्हती ती. शेजारी उभ्या आनंदरावांना हळूच म्हणाली, "बाबा, माझ्या लहानपणी सुट्टीत मला कोणी विचारलंच नाही, काय शिकायचंय म्हणून. चुलत भावांची पोरं सांभाळण्यात सुट्ट्या गेल्या. म्हणून हिला सगळं दाखवते. यातही मन खट्टू होऊन परत यायला नको तिचं." हे ऐकलं, आणि एवढे महिने तिच्या पेनाला मनात दिलेल्या सगळ्या शिव्या मी परत घेतल्या.

मग ती पुढे झाली. "चल बाळा. ठरलं होतं ना आपलं? सोमवारी..."

संबोधी रडली नाही. कपाळावरची धूळ पुसली, आईचा हात धरला, आणि तिला ओढत माझ्यापाशी आणलं. "मम्मी, हिच्याखाली हात धर."

"काय?"

"धर ना."

प्रीतीने हात धरला. "किती वेळ?"

"थेंब पडेपर्यंत."

प्रीती थांबली. मित्रांनो, मी सांगते तुम्हाला, फेब्रुवारीपासून ती बाई पहिल्यांदा थांबली. हाताचा द्रोण माझ्याखाली, डोळे माझ्या कोपऱ्यावर. कडुनिंबातून गरम वारा आला, माझी ओल घेऊन गेला. शेडमध्ये मुलींचं धप्प धप्प पुन्हा सुरू झालं. मी सगळं सूत घट्ट धरून ठेवलं. पन्नास वर्षांत कधी इतकं घट्ट धरलं नव्हतं.

थेंब पडला नाही.

"ही बुधवारी सगळी गळत होती," संबोधी म्हणाली. "तू फेकून दे म्हणालीस."

प्रीतीने हात तसाच धरून ठेवला.

"मम्मी, मी आतापर्यंत कुठेच चौथ्या दिवशी गेले नाही. आजच आले."

आनंदरावांनी माझं बूच काढलं आणि पाणी प्रीतीच्या ओंजळीत ओतलं. ती प्यायली. आधी डोळे मिटले. मिटलेलेच ठेवले, जरा जास्तच वेळ. मग बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली, शंकररावांकडे वळली, आणि विचारलं, "सर, सोमवारी किती वाजता आणू?"

"सातला. आणि मॅडम, नाव काय म्हणालात हिचं?"

"संबोधी," संबोधीनेच सांगितलं. या वेळी शेवटच्या खुर्चीतून नाही.

घरी आल्यावर प्रीतीने कॅलेंडर दुसऱ्या खिळ्यावर टांगलं. सोमवारपासूनच्या सगळ्या चौकटी कोऱ्याच ठेवल्या. स्मिताने जिन्यात विचारलं तेव्हा म्हणाली, "हो, आमचंही झालं लॉक. दोराला."

मग मी रोज गेले. रोज मला भरलं, रोज कडुनिंबाला टांगलं. आठवडाभराने संबोधीची पकड टिकली. दुसऱ्या आठवड्यात ती चार हात चढली. मधे पाय मुरगळला, तीन दिवस घरी बसली, चौथ्या दिवशी लंगडत आली आणि नुसती बघत बसली. तेही शिकणंच असतं म्हणे.

जूनमध्ये शिबिराचा शेवटचा दिवस आला. अंगणात सतरंज्या अंथरल्या होत्या. जया गुडघे धरून रिक्षातून आली होती. रत्नपाल सुट्टी काढून आला होता. एरवी 'तुम्हाला ठीक वाटेल ते करा' एवढंच बोलणारा माणूस, आज सगळ्यात पुढे, फोन उंच धरून.

संबोधी चढली. भरभर नाही, इतर मुलींपेक्षा सावकाशच. अंगठ्यात दोर, मांडीवर वेढा, पुढे. अंगठ्यात दोर, मांडीवर वेढा, पुढे. मी जिथे टांगलेली होते त्या उंचीला आली. तिथे उलटी झाली. दोन वेण्या खाली लोंबल्या. एक हात सोडला. मग, मित्रांनो, दुसरा.

प्रीतीचे दोन्ही हात पुढे आले होते, द्रोण करून, जसे त्या दिवशी माझ्याखाली धरले होते. काही पडलं नाही. पोर हवेत होती, हात पसरून, आणि दोर हलतसुद्धा नव्हता. मी रणगाडे पाहिलेत, वाळवंटातला सूर्य पाहिलाय, कोरड्या लूतून गार पाणी निघताना रोज पाहिलंय. पण काहीच येत नाही म्हणणारी मुलगी उलटी लटकून, अर्ध्या आलेल्या दातासकट, माझ्याकडे बघून हसते, असं नवल मी कधी पाहिलं नव्हतं. मी ओली होते म्हणून कोणाला कळलं नाही, माझं काय झालं ते.

खाली आली, कोणाच्या मिठीत शिरायच्या आधी माझ्यापाशी आली, आणि घटाघटा पाणी प्यायली.

सोन्यासारखं म्हातारपण मिळालंय मला. फ्रिजशेजारी नाही, गच्चीच्या दारात वाऱ्यावर असते आता, आणि भरलेली असते. तेवढं एकच मागणं आहे माझं तुमच्याकडे. तुमच्याही घरात माळ्यावर कोणी माझी बहीण पडली असेल, तर तिला खाली काढा. शोभेला टांगू नका, कोरडी ठेवू नका. तिच्यात पाणी भरा. पहिल्या दिवशी ती गळेल, तुमची फरशी भिजवेल, शेजारी हसतील. हसू द्या. खाली बादली ठेवा आणि तुमच्या कामाला लागा.

आणि घरातलं एखादं मूल गळत असेल, तर त्याच्याहीखाली बादलीच ठेवा. तिसऱ्या दिवशी हात धरून बघा, मग बोला माझ्याशी.